'कशावरून?' : मुलांना पडताळून पाहायला शिकवणारा आठवड्याचा एक तास

'कशावरून?' हा शब्द आपल्याकडे जास्त करून भांडणात ऐकू येतो. 'कपबशी मीच फोडली कशावरून?' असं सात वर्षांचं पोरही ठणकावून विचारतं. पुरावा मागायची बुद्धी मुलांत असतेच, फक्त ती स्वतःवर आळ आला की जागी होते. तोच प्रश्न शांतपणे, कोणावर राग नसताना आणि मुख्य म्हणजे स्वतःला पटलेल्या गोष्टीलाही विचारायची सवय लावणं, हे चिकित्सक विचार शिकवणाऱ्याचं खरं काम आहे. त्याची व्याख्या पाठ करून घेण्यात काही अर्थ नाही. सवय हातानेच लागते, म्हणून इथे हाताने करायच्या गोष्टी दिल्या आहेत.

पाचवी ते नववीचा वर्ग, आठवड्याला ४० मिनिटांचा एक तास, वर्षात असे साधारण २० तास एवढं पुरतं. प्रयोगशाळा लागत नाही. शाळेतून किंवा पालकांकडून 'हे कशाला?' असं आलं, तर राज्यघटनेचं कलम ५१क दाखवा. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आलेल्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टी आणि जिज्ञासू वृत्ती बाळगणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे.

वहीतल्या पाच ओळी

प्रत्येक तासाला एकच दावा घ्यायचा आणि फळ्यावर लिहायचा. पहिली पाच मिनिटं तो दावा तपासता येईल असा करण्यात घालवा. 'हळद गुणकारी असते' हा दावा तपासता येत नाही, कारण काय घडलं तर तो खोटा ठरेल हेच सांगता येत नाही. 'फडक्यात बांधलेल्या मटकीला उघड्या मटकीपेक्षा लवकर मोड येतात' हा तपासता येतो. हा फरक मुलांना दोन-तीन तासांतच कळतो आणि मग ती जाहिरातीतलं 'दुप्पट ताकद' ऐकून 'कशाच्या दुप्पट?' असं विचारायला लागतात.

मग प्रत्येकाने वहीत पाच ओळींची जागा करायची. दावा. माझी खात्री दहापैकी किती. काय दिसलं तर मी हा दावा खोटा मानेन. प्रत्यक्षात काय दिसलं. आता खात्री किती. पहिल्या तीन ओळी प्रयोगाच्या आधी, पेनने लिहायच्या. पेन्सिलचा हट्ट मान्य करू नका. निकाल लागल्यावर अर्धा वर्ग 'मला आधीच माहीत होतं' म्हणतो आणि ते म्हणणारी मुलं खोटं बोलत नसतात. त्यांना खरोखरच तसं वाटायला लागलेलं असतं. आधी लिहिलेला आकडा समोर असला की आपलं मत कसं सरकलं ते त्यांना स्वतःला दिसतं. तिसरी ओळ सगळ्यांत अवघड जाते. बरीच मुलं तिथे 'काहीच नाही' असं लिहितात. रागावू नका, फक्त विचारा, 'काहीही दिसलं तरी तू मत बदलणार नसशील, तर प्रयोग कशाला करायचा?'

पहिला दावा खरा ठरणारा घ्या

इथे बहुतेक उत्साही शिक्षक चुकतात. पहिल्याच तासाला भोंदूगिरी उघडी पाडायला घेतली की मुलं एवढंच शिकतात की या तासाला सगळं खोटं निघतं. पुढच्या वेळी ती प्रयोग न करताच 'खोटं' लिहून मोकळी होतात. वर्षातल्या २० दाव्यांपैकी सात-आठ तरी खरे निघणारे हवेत. काहींचा निकाल तर शिक्षकालाही माहीत नसावा.

सुरुवातीला मटकी उत्तम. दीडशे दाणे आठ तास भिजवा, निथळून पन्नास-पन्नासचे तीन वाटे करा. एक ओल्या सुती फडक्यात बांधून ठेवा. दुसरा उघड्या ताटलीत पसरा. तिसरा वाटीत पाण्याखालीच राहू द्या. तिन्ही एकाच टेबलावर, शेजारी शेजारी. २४ तासांनी मोड आलेले दाणे मोजा. 'बरेच आले' असं चालणार नाही, आकडा हवा.

फडक्यातले दाणे बहुधा बाजी मारतात. ताटलीतले वरून सुकतात, जिथे खाली ओल उरली तिथेच थोडे फुटतात. पाण्यातले मागे पडतात आणि आंबूस वास मारू लागतात, कारण अंकुरायला हवाही लागते. मोड फडक्यातच आणावेत हे आजीचं म्हणणं खरं निघालं. पण तास इथे संपवू नका. विचारा, मोड फडक्यामुळे आले की ओलीमुळे? दुसऱ्या दिवशी चौथा वाटा करा: तसेच भिजवलेले नवे पन्नास दाणे, झाकण किंचित उघडं ठेवलेल्या ओलसर डब्यात. तिथेही मोड येतात. म्हणजे काम ओल आणि हवा दोन्ही मिळण्याचं होतं, फडकं हा ते साधायचा सोपा मार्ग. गोष्ट खरी असणं आणि तिचं सांगितलेलं कारण खरं असणं या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे पन्नास दाण्यांत शिकवता येतं.

चूक कुठे होते? पुरचुंडी शेगडीपाशी आणि ताटली खिडकीत ठेवली जाते. मग फरक फडक्याने पडला की उबेने, हे कळायला मार्ग राहत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहिलेला राहू द्या.

दूध पिणारा दगड

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही बातमी काही तासांत देशभर आणि परदेशातही पसरली. देवळांपुढे रांगा लागल्या. त्या रांगांतली माणसं खोटं बोलत नव्हती, चमच्यातलं दूध खरंच कमी होत होतं. म्हणूनच हा तास मोलाचा आहे: डोळ्यांनी पाहिलेलं खरं असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो.

मूर्ती वापरू नका. वर्गात श्रद्धाळू घरची मुलं असतात, मूर्ती समोर आली की त्यांचं लक्ष प्रयोगावरून उडून घरच्यांची बाजू सांभाळण्याकडे जातं. घरातला छोटा वरवंटा किंवा गुळगुळीत गोटा ताटलीत उभा करा. आठ मुलांच्या गटाला अर्धी वाटी दूध आणि चहाचा एक चमचा पुरतो.

१. चमचा काठोकाठ भरा, इतका की दुधाचा पृष्ठभाग कडेच्या वर किंचित फुगलेला दिसेल. चमच्याची कड दगडाला टेकवा आणि अगदी थोडी कलती धरा. दूध हळूहळू कमी होतं.

२. आता तसाच भरलेला चमचा दगडापासून दोन मिलिमीटर दूर, सपाट धरा. मिनिटभर थांबा. पातळी हलत नाही. पिणारा जर ओढून घेत असेल, तर एवढ्याशा अंतराने का अडावं?

३. दुधात चिमूटभर खाण्याचा रंग घालून पहिली कृती पुन्हा करा. दगडाच्या अंगावरून खाली उतरणारा पातळ ओघळ दिसतो. ताटलीतही रंगीत दूध साठतं. पांढऱ्या संगमरवरावर, किंवा आधीच ओल्या झालेल्या मूर्तीवर, हा ओघळ सहज नजरेतून सुटतो.

४. दगडाची एक बाजू मेणबत्तीने घासा आणि तिथे टेकवा. दूध पसरत नाही, थेंब होऊन घसरतं.

पृष्ठताण हा शब्द आता सांगा, आधी नाही. फुगलेला पृष्ठभाग दगडाला लागला की दूध त्याला चिकटतं, ओढलं जातं आणि स्वतःच्या वजनाने खाली वाहतं. प्रयोग फसतो तो दोन कारणांनी. चमचा अर्धवट भरला तर दूध दगडाला लागतच नाही. आणि मुलं निकाल लवकर लागावा म्हणून चमचा इतका कलता करतात की दूध सरळ ओतलं जातं. मग त्यातून काहीच सिद्ध होत नाही. दर गटात एकाचं काम फक्त चमच्याच्या कोनावर लक्ष ठेवण्याचं ठेवा.

छापा-काटा आणि भाकितं

चाळीस मुलं उभी करा. नाणं उडवण्याआधी प्रत्येकाने छाप्यासाठी हात डोक्यावर, काट्यासाठी कमरेवर ठेवायचा. चुकेल तो खाली बसेल. चाळिसाचे साधारण वीस, मग दहा, पाच, दोन-तीन, आणि पाचव्या फेरीनंतर एखाद-दुसरं मूल उभं राहतं. त्याला विचारा, 'तुला कसं जमलं?' गंमत अशी की मुलं कारण देतात: 'मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.' हसू देऊ नका. वर्गाला विचारा की बसलेल्यांपैकी किती जणांनी देवाचं नाव घेतलं होतं. हात वर येतात. मग उभ्या राहिलेल्या मुलाला आणखी पाच फेऱ्या खेळू द्या.

मोठ्या मुलांना याच तासाला पुण्यात झालेल्या एका चाचणीबद्दल सांगा. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिष्यांना दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिष्यांनी, प्रत्येकी ४० पत्रिका पाहून, उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण सरासरी ४६ टक्के आलं. नाणं उडवून ५०च्या आसपास आलं असतं. मुलांना विचारायचा प्रश्न निकालाबद्दल नसावा, मांडणीबद्दल असावा: नावं का लपवली? दोन्ही प्रकारच्या पत्रिका का मिसळल्या? प्रत्येकी ४० का, चारच का नाही? याची उत्तरं जो देऊ शकतो त्याला चाचणी कशी रचावी हे कळलं.

चार घरांचा तक्ता

वर्षभरात एकच गोष्ट शिकवायला वेळ असेल, तर ही शिकवा. फळ्यावर आडवी-उभी रेघ मारून चार घरं करा.

समजा एक मुलगी म्हणते, निळ्या पेनने लिहिलं की पेपर चांगला जातो. तिचे वीस पेपर घ्या. निळं पेन होतं आणि पेपर चांगला गेला: ९. निळं पेन होतं आणि वाईट गेला: ३. पेन नव्हतं आणि चांगला गेला: ६. पेन नव्हतं आणि वाईट गेला: २. तिच्या डोक्यात फक्त पहिलं घर असतं, ते नऊ. आता भागाकार करू द्या. पेन असताना बारापैकी नऊ, म्हणजे ७५ टक्के. नसताना आठापैकी सहा, म्हणजे पुन्हा ७५ टक्के. पेनचा काही संबंध नाही. आकडे मुलांनीच मोजायचे, तुम्ही फक्त 'बाकीची घरं कुठे आहेत?' असं विचारायचं.

मग हाच तक्ता चौकातल्या क्लासच्या फलकावर लावा. दहा गुणवंतांचे फोटो म्हणजे एकच घर भरलेलं. क्लासला एकूण किती होते? क्लास न लावता तेवढेच गुण किती जणांना मिळाले? शिवाय प्रवेश देतानाच हुशार मुलं निवडली होती का? नववीची मुलं हा प्रश्न पुढे घरीही विचारतात आणि फी भरण्याआधी विचारलेला तो बरा.

गावाकडच्या शाळेत हा तक्ता सर्पदंशासाठी वापरायलाच हवा, कारण तिथे चुकीच्या निष्कर्षाची किंमत जीव आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या दंशाने आपल्याकडे सर्वाधिक धोका असतो, पण आसपास आढळणाऱ्या सापांच्या बहुतेक जाती बिनविषारी आहेत. शिवाय विषारी साप चावला तरी दर वेळी विष टोचतोच असं नाही. आता समजा, असं स्पष्ट सांगून, फळ्यावर शंभर दंश मांडा: ७० बिनविषारी, ३० विषारी, त्यातल्या १० वेळा विष गेलंच नाही. मांत्रिकाने काहीही न करता ८० जण बरे होतात. गावात त्याची कीर्ती त्या ऐंशींमुळे असते. उरलेल्या वीस जणांबद्दल 'उशिरा आणलं', 'पथ्य मोडलं' असं सांगितलं जातं. मुलांना विचारा: मंत्र न घालता किती वाचले असते? हे घर कोणीच मोजलेलं नसतं. सबबी नीट ऐकायला लावा. यश आलं की मंत्राचं आणि अपयश आलं की रोग्याचं, अशी मांडणी असेल तर वहीतली तिसरी ओळ कधीच भरता येणार नाही.

तासाच्या शेवटी दवाखाना, दंश झालेला भाग न हलवणं आणि प्रतिविष हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगा.

कापलेला व्हिडिओ

याला मोबाईल लागत नाही. दोन मुलांना बाजूला घेऊन एक मिनिटाचा प्रसंग बसवा. एक मुलगा दप्तर बाकावर विसरून जातो, दुसरा ते उचलतो, इकडेतिकडे बघतो, धावत सुटतो आणि दारापाशी त्याला गाठून देतो. अर्ध्या वर्गाला पूर्ण प्रसंग दाखवा. बाकी अर्ध्यांना बाहेर थांबवून, फक्त उचलून धावण्याचे मधले १५ सेकंद दाखवा. दोघांनाही 'काय घडलं?' हे दोन वाक्यांत लिहायला सांगा. दुसऱ्या गटात 'चोरला' हा शब्द हमखास येतो. मग विचारा, चोरी डोळ्यांनी पाहिली, की धावणं पाहिलं?

हे झाल्यावरच २०१८ची गोष्ट सांगावी. त्या वर्षी मुलं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जनजागृतीची चित्रफीत होता. मूल परत आणून सोडल्याचा आणि संदेशाचा शेवटचा भाग कोणीतरी कापला होता. अशाच अफवांच्या वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला, भिक्षा मागायला आलेल्या भटक्या समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. सहावीच्या खालच्या वर्गात हे सांगू नका. वरच्या वर्गात सांगा आणि आवाज न चढवता सांगा.

घरी करायची तपासणी मग सोपी होते. व्हिडिओच्या आधी आणि नंतर काय असेल? ठिकाण आणि तारीख आहे का? पाट्यांवरची लिपी, गाड्यांच्या नंबरप्लेट, अंगावरचे कपडे त्या ठिकाणाशी जुळतात का? तीन-चार दृश्यांचे स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सवर शोधले तर जुना मूळ व्हिडिओ बरेचदा सापडतो. व्हॉट्सॲपच्या संदेशावर दुहेरी बाण असेल तर तो आधीच अनेकांच्या हातून आला आहे. 'काकांनी पाठवलं' हा पुरावा नाही, काकांना कुठून आलं ते विचारायचं.

कुठे बिघडतं

दोन महिन्यांनी काही मुलं प्रत्येक गोष्टीला 'खोटं' म्हणायला लागतात. हे चिकित्सेचं लक्षण समजू नका. सगळं मान्य करणं आणि सगळं नाकारणं, दोन्हीत तपासण्याचा कंटाळाच असतो. अशा मुलाला पुढचा दावा खरा ठरवायचं काम द्या. पुरावा गोळा करणं किती कष्टाचं असतं ते कळलं की तो जपून बोलतो.

घरचा प्रश्न जास्त नाजूक असतो. वर्गातला 'कशावरून?' जसाच्या तसा आजोबांपुढे टाकला की 'वर तोंड करून बोलतोस?' हे ठरलेलं. म्हणून तो कसा विचारायचा हेही शिकवावं लागतं. 'आजी, हे तुला कसं कळलं गं?' किंवा 'बाबा, आपण दोघं मिळून करून बघू या का?' दोघांच्या जोड्या करून दहा मिनिटं हा सराव घ्या, एकाने आजी व्हायचं, दुसऱ्याने नातू. आणि कोणा एका मुलाच्या घरची, जातीची किंवा धर्माची प्रथा दावा म्हणून कधीच घेऊ नका. ते मूल वर्षभर तोंड उघडणार नाही.

तिसरी अडचण शिक्षकाची. मुलं तुमचा चेहरा वाचून उत्तर देतात. अपेक्षित उत्तर आलं की 'शाब्बास' निघतं आणि तिथेच तास मेला. बरोबर किंवा चूक उत्तरावर काहीच बोलू नका, दोन्हीवर 'कशावरून?' एवढंच विचारा. एखादा प्रश्न तुम्हाला येत नसेल तर तो फळ्यावर लिहून ठेवा आणि पुढच्या आठवड्यात उत्तर कसं शोधलं ते सांगा. उत्तरापेक्षा तो शोध मुलांच्या लक्षात राहतो.

गुण द्यायचे तर

दहा गुणांपैकी निष्कर्ष बरोबर आला याला एकही देऊ नका. तिसरी ओळ आधी लिहिली आणि ती तपासता येण्यासारखी आहे, याला चार. एकच गोष्ट बदलली, याला तीन. आकडे मोजून लिहिले, याला दोन. शेवटचा एक गुण खात्रीचा आकडा पुराव्याप्रमाणे सरकला तर. दहावरून चारावर आलेल्याला आणि तीनवरून आठावर गेलेल्याला सारखाच.

वर्षाच्या शेवटी वह्या घरी देऊ नका. पुढच्या वर्षीच्या वर्गाला त्यातले तीन प्रयोग निवडून पुन्हा करायला लावा, त्याच वस्तू, तेच आकडे. जिथे निकाल जुळत नाही तिथे आधीच्या मुलांना अर्ध्या तासासाठी बोलवा आणि दोन्ही गटांना एकमेकांची मांडणी तपासू द्या. मटकीत हे हमखास घडतं: जूनमध्ये केलेली आणि जानेवारीत केलेली मोजणी जुळत नाही, आणि थंडीचा विचार कोणीच केलेला नसतो.